पंधरा आठवड्यांत प्रभुत्व : नव्या प्राध्यापकांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! अभियांत्रिकी महाविद्यालयात तुम्ही सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालात, दुसऱ्या वर्षाचा ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ गळ्यात पडला आणि विभागप्रमुखांनी पुस्तकाआधी एक एक्सेल शीट हातात ठेवली. घाबरू नका. आउटकम बेस्ड एज्युकेशन म्हणतात ते हेच. अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली कायम सदस्य झाला, आणि त्याची अटच ही. आता सरांनी काय शिकवलं हे कुणी विचारत नाही. विद्यार्थ्याला काय येतं ते विचारतात. फक्त ते विद्यार्थ्याला न विचारता शीटला विचारतात.

आधी कोर्स आउटकम, म्हणजे सीओ लिहा. पाच-सहा पुरे. विद्यार्थ्याला बेंडिंग मोमेंट ‘समजेल’ असं चुकूनही लिहू नका, समजणं मोजता येत नाही. ‘काढेल’, ‘तपासेल’, ‘विश्लेषण करेल’ असं लिहा. अशा क्रियापदांचा तक्ता बेंजामिन ब्लूमच्या नावाने विभागात कुठेतरी लावलेला असतोच. याच ब्लूमने १९६८ साली प्रभुत्वाधारित शिक्षणावर एक लेख लिहिला. तो मात्र कुणी भिंतीवर लावत नाही. त्यातली मागणीच अडचणीची आहे. घटक लहान करा, छोटी चाचणी घ्या, ज्याला जमलं नाही त्याला वेगळ्या रीतीने शिकवा, पुन्हा चाचणी घ्या आणि मगच पुढे जा. पातळी सगळ्यांना एकच, वेळ ज्याला लागेल तेवढा. त्याच वर्षी फ्रेड केलर यांनी आणखी पुढची पायरी मांडली. ब्राझिलियाच्या विद्यापीठासाठी सहकाऱ्यांसह आखलेल्या त्यांच्या पद्धतीत प्रत्येकजण आपल्या गतीने शिकतो, चाचण्या तपासायला तो विषय पक्का झालेले विद्यार्थी बसतात आणि व्याख्यानं उरतात ती केवळ हुरूप यावा म्हणून. स्टाफरूममध्ये हे बोलू नका. आपला वर्कलोड व्याख्यानांच्या तासांवर मोजतात.

आपली पद्धत नेमकी उलटी आहे. पंधरा आठवडे पक्के, येणं-न येणं सैल. चाळीस टक्के पोहता येतं म्हणून कुणी खोल पाण्यात सोडत नाही. आपण सोडतो, आणि जो चाळिसापर्यंतही पोचत नाही त्याच्यासाठी एटीकेटी आहे. शिअर फोर्स डायग्राम न येणारा मुलगा त्याच वर्षी बीमच्या डिफ्लेक्शनला भिडतो, पुढे काँक्रीटच्या डिझाइनला. तिथले सर वैतागून विचारतात, “अरे, हे मागच्या वर्षी झालं नाही का?” झालं की! सीओ दोन, अटेनमेंट तीनपैकी २.६.

आता मॅपिंग. प्रत्येक सीओ प्रोग्रॅम आउटकमशी, म्हणजे अख्ख्या पदवीकडून असलेल्या अपेक्षांशी, किती जोडलेला आहे ते १, २, ३ आकड्यांत भरायचं. सगळीकडे ३ भरले तर मान्यतेसाठी तपासायला येणाऱ्या समितीला संशय येतो. मधूनमधून रेघ मारा. पर्यावरणाच्या रकान्यात १ टाका. पोलादी बीमचा पर्यावरणाशी संबंध काय, असं कुणी विचारलंच तर गंज म्हणा.

अटेनमेंटचं गणित सोपं आहे. अमुक टक्के विद्यार्थ्यांना लक्ष्याहून जास्त गुण पडले की पातळी ३. विद्यार्थी लक्ष्यापर्यंत चढत नसतील तर लक्ष्य खाली आणता येतं. ‘गेल्या वर्षांची सरासरी’ हे कारण चालतं. शिवाय एक्झिट सर्व्हे असतो. तो हॉल तिकिटाच्या रांगेत भरून घ्या. घाईत माणूस ‘उत्कृष्ट’वरच खूण करतो.

एवढं सांगूनही एखाद्याला खरंच शिकवायची खाज असते. त्याने अख्ख्या विषयाला हात घालू नये. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचा एकच घटक घ्यावा. भार नि आधार बदलून प्रश्नांचे सात-आठ संच करावेत आणि चुकलेल्याचा कागद समोर बसवून तपासावा. बहुतेकदा आकृती चुकलेलीच नसते. आधारावरच्या प्रतिक्रिया चुकलेल्या असतात, म्हणजे गाडी पहिल्या वर्षाच्या समतोलाच्या समीकरणांवरच अडलेली असते. ते पुन्हा शिकवावं, आठवड्याने दुसरा संच द्यावा. गुण शेवटच्या प्रयत्नाचे धरावेत. सरासरी काढली की उशिरा शिकलेल्याला उशिराचा दंड बसतो, आणि दंडच करायचा तर हा खटाटोप कशाला?

याचे परिणाम गंभीर असतात. वर्गातल्या बहुतेकांना इंटर्नलमध्ये वीसपैकी अठरा-एकोणीस पडतात. गुणांचा नेहमीचा घंटेसारखा आलेख बिघडतो. शिकवणं नीट झालं तर तो बिघडायलाच हवा, असं ब्लूमचंही म्हणणं होतं. पण मॉडरेशनच्या बैठकीला ब्लूम नसतो, विभागप्रमुख असतात. ते तुम्हाला बोलावून गुणांची यादी पुढे सरकवतील आणि आवाज खाली आणून विचारतील, “पेपर फुटला होता का?” नाही म्हणा. मग लेखी खुलासा मागतील. तो दोन प्रतींत द्यावा लागतो. नमुना कार्यालयात मिळतो. त्यात ‘कारण’ या शब्दापुढे एकच ओळ सोडलेली आहे, अक्षर बारीक काढा.