पटकनमावशी

लग्नाच्या पंगतीत भात संपल्याची कुजबुज सुरू झाली की "थांबा, पटकन पाच किलो टाकते" म्हणत पदर खोचणारी एक बाई प्रत्येक गावाच्या वाट्याला आलेली असते. आमच्या वाट्याची डिंगोऱ्यात राहते. माळशेज चढून कल्याण-नगर रस्त्यानं मढच्या पुढं आलात की आमचं गाव. तिचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच ते सुखरूप आहे. गावात ती पटकनमावशी. तोंडावर नुसती मावशी, पाठ फिरली की पूर्ण.

मावशीच्या दोन श्रद्धा. जगात कुठलीही गोष्ट पटकन होते ही पहिली, आणि घरी केली की ती फुकटात पडते ही दुसरी. पहिलीचा ताप मावशीला होतो, दुसरीचा घरादाराला. बचत गटात अगरबत्ती करून झाली. ती पेटवायला अर्धी काडेपेटी लागायची. फिनेल करून झालं. त्यावर माशा बसायच्या. पण मावशीला हरलेली कुणी पाहिली नाही, कारण निकाल लागायच्या आत ती पुढच्या कामाला लागलेली असते.

सध्या गावावर लोकर आली आहे.

त्याला कारण थोरली लेक. दिवाळीला पिंपरीहून आली ती गळ्यात एक प्रकरण गुंडाळून. रुंदीला आंघोळीचा टॉवेल, लांबी अशी की दोन वेढे घेऊनही टोकं गुडघ्याशी लोंबत होती. किंमत बाराशे रुपये. "ओव्हरसाइज आहे आई, सध्या असेच घालतात." मावशीला यात नवल वाटलं नाही. तिनं दोन्ही पोरांचे शाळेचे कपडे पहिलीपासून दहावीपर्यंत वाढत्या अंगाचेच शिवलेले. तिनं स्कार्फ उलटा केला, दोन्हीकडून ओढला, उजेडात धरला आणि निदान केलं. "अगं, हे नुसते अर्धे खांब आहेत. फूल नाही, पाकळी नाही, काही नाही. याचे बाराशे?" आणि मग ते वाक्य आलं, ज्याला कंडक्टरकाका, म्हणजे मावशीचे यजमान, आयुष्यभर टरकून राहिले आहेत. "दोन संध्याकाळचं काम. दीडशे रुपयांत होतंय."

मावशीचा हात क्रोशावर बसलेला आहे, हे मात्र मान्य करायला हवं. बारीक पोलादी सुई आणि पांढरा दोरा घेऊन तिनं एके काळी घरातली एकही वस्तू उघडी ठेवली नव्हती. दाराला तोरण, गणपतीखाली आसन, रेडिओवर रुमाल, टीव्हीवर झालरीचा पडदा. पुढं टीव्ही चपटा होऊन भिंतीला टेकला आणि रुमालाला बसायला जागाच राहिली नाही. तो रुमाल काही दिवस फ्रिजवर राहिला, मग मिक्सरवर, आणि शेवटी गॅसच्या सिलिंडरला फ्रॉक शिवावा तशी त्याची झालर झाली. तिथून पुढं मावशीची कला बेकार होती.

हे वेड मूळचं आपलं नव्हे. आयर्लंडात 1845 पासून बटाट्यावर रोग पडला, उपासमार झाली, तेव्हा तिकडच्या जोगिणींनी बायकापोरींना क्रोशाची लेस करायला शिकवली आणि त्या लेसच्या पैशावर कित्येक घरांत चूल पेटली. आपल्याकडं आंध्रात नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ही कला रुजवली. म्हणजे बटाटा गेला तिथं क्रोशा आला. आमच्या शेजारच्या आंबेगावात सातगाव पठारावर बटाटा अजून व्यवस्थित येतो, तरी मावशीनं सुई उचललीच.

पण कुठली सुई? तिच्याकडच्या साऱ्या दोऱ्याच्या, उदबत्तीच्या काडीएवढ्या. असला ढगळ स्कार्फ झटपट व्हायचा तर लोकर जाड लागते, सुई आठ-नऊ मिलिमीटरची लागते आणि हात सैल लागतो. बारीक सुईनं जाड लोकर विणली तर स्कार्फ होत नाही, पायपुसणं होतं. उभं केलं तर उभं राहतं. दुकानातून सुई आणली तर दीडशेतले पैसे फुटणार. म्हणून सुताराला गाठून वेळूची करून घेतली. तिच्या चोचीत धागा अडकायचा. मावशीनं काचपेपर मारला, खोबरेल चोळलं, आणि पुन्हा पुन्हा चोळलं. आता ती सुई अशी सरकते की दुकानातली झक मारेल. हे मी मावशीसमोर कबूल केलेलं नाही.

लोकरीचा प्रश्न मोठा होता. स्कार्फाला तीन-चारशे ग्रॅम लोकर सहज लागते. त्यात क्रोशा खादाड. सुयांवरच्या विणकामापेक्षा त्याला लोकर जास्तच लागते. दीडशेत हे बसत नाही. तेव्हा मावशीनं कपाट उघडलं आणि घरातले स्वेटर तपासायला घेतले. ही तपासणी शिकण्यासारखी आहे. स्वेटर उलटा करायचा आणि बगलेतली शिवण बघायची. आतली कड कापून ओव्हरलॉक मारलेली असेल तर तो स्वेटर सोडून द्यायचा, त्यातून वीतवीतभर तुकडेच निघतात. कड अखंड विणलेली असेल तर बाह्या, पाठ, पोट सुटं करायचं आणि वरच्या अंगानं धागा ओढत जायचं. तो सलग येतो. धाकट्याचा शाळेचा निळा स्वेटर पास झाला. काकांचा तपकिरी स्वेटरही पास झाला. तो त्या दिवशी वापरात होता, एवढीच अडचण. काका आंघोळीला गेले आणि ती दूर झाली.

उसवलेली लोकर कुरळी निघते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लच्छी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली वजन अडकवून वाळत घालायची, म्हणजे सरळ होते. वजनाला मावशीनं गोठ्याचं कुलूप घेतलं. आमच्या भागात गोठ्याला कुलूप लागतं ते चोरापेक्षा बिबट्याच्या धाकानं. ते दोन रात्री दोरीवर लोंबत होतं आणि काका उघड्या अंगावर घोंगडी घेऊन गोठ्याच्या कडीला सुंभ आवळत होते.

हे दोन्ही धागे बारीक. ते एकत्र धरून विणायचे, आणि जोडीला तिसरा एखादा उठावदार रंग असला की माल महागाचा दिसतो. मावशीला हवा होता मोहरीचा पिवळा. तो ओतूरला मिळत होता, नारायणगावातही मिळत होता. पण तुळशीबागेत गुंडीमागं वीस रुपये कमी पडतात, असं कुणीतरी सांगितलं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि 75 वर्षांपुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून फुकट. हे दोन निर्णय सरकारनं आपल्याच घराकडं बघून घेतले, असं मावशी धरून चालते. तिनं सासूबाईंना सोबत घेतलं. सासूबाईंना पुण्यात काही काम नव्हतं. त्या जागा धरायला होत्या.

पुणे किती लांब आहे, हे मावशी आता किलोमीटरमध्ये सांगत नाही, गाडीत विणलेल्या ओळींत सांगते. नारायणगाव ते मंचर सहा ओळी. खेडपर्यंत अजून चार. चाकणला मात्र हात दुखून येतो, एवढ्या ओळी होतात. तिथली वाहतूक कोंडी सुटावी असं न वाटणारी गाडीतली ती एकटीच. वाकडेवाडीला उतरली तेव्हा स्कार्फ मांडीवरून पुढच्या सीटखाली गेला होता. तुळशीबागेत एक गुंडी घ्यायची होती, तिनं पाच घेतल्या. एकीमागं वीस वाचतात, तर पाचांमागं शंभर. या गणिताला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

परत आल्यावर शिकवणी सुरू झाली, कारण मावशीला एकटीनं काही करताच येत नाही. तिच्या ओट्यावर टोमॅटोचे रिकामे क्रेट पालथे घालून वर्ग भरतो. शेजारची नवी सून, दहावीतल्या दोघी, कांदालागवडीहून परत जाताना टेकणाऱ्या बायका, आणि नाही म्हणता न आल्यामुळं मी. मावशीचं शिकवणं असं: "तीस साखळ्या घाल. सैल घाल, गळा आवळल्यासारख्या नको. आता प्रत्येक घरात अर्धा खांब. धागा सुईवर घे, घरात घाल, ओढून आण. तीन फासे दिसले? पुन्हा धागा घे, तिन्हीतून एकदम काढ. ओळ संपली की दोन साखळ्या, आणि माघारी फीर. झालं. यात काय आहे?"

यात बरंच काही आहे. वळताना कडेचं घर चुकतं. नवख्याला ते दिसत नाही, कारण तिथं दोन साखळ्या उभ्या असतात आणि त्यांच्या आड पहिलं घर दडतं. दर ओळीला एकेक गेलं, की गावाकडं पहिलीला चाळीस पोरं बसावीत आणि दहावीला अठरा उरावीत तशी गळती लागते. सुनेचा स्कार्फ फूटभर वर गेला तोवर तिशीचे सतरा झाले होते. उपाय साधा आहे: पहिल्या आणि शेवटच्या खांबात सेफ्टी पिन अडकवायची, दर ओळीला ती वर सरकवायची आणि अधूनमधून तीस मोजायचे. पण मावशी हा उपाय चुकल्यावर सांगते. आधी सांगितला तर सोपं वाटत नाही ना!

आणि चुकलेलं ती उसवू देत नाही. उसवायला वेळ जातो. ती त्याला दुसरं नाव देते. सुनेचं जे निमुळतं होत गेलं त्याला "त्रिकोणी शाल" म्हणून मान्यता मिळाली. दहावीतल्या एकीच्या साखळ्या आवळल्या, खालची कड आकसली आणि वरची पसरली. ती "कॉलर" झाली. दुसरीचं अर्ध्यावर थांबलं, तिला दोन बंद लावून "कानपट्टी" केली. माझं जे झालं त्यात मोठाली भोकं होती. मावशीनं ते बोटांत धरून पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "जाळीचं विणायला लोकांना वर्षं लागतात."

या सगळ्यांत मावशीचा स्वतःचा स्कार्फ वाढत होता, कारण तिचा हात तोंडाबरोबर चालतो. कुणाच्या घरची वाटणी निघाली की वीतभर. कुणाचं लग्न मोडलं की हातभर. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे भाव 2023 च्या जुलैत कसे आभाळाला भिडले आणि आपण नेमके तेव्हाच कसे कोबी लावून बसलो, या विषयावर काकांच्या उंचीएवढा. दोन संध्याकाळी म्हणाली होती. कुठल्या दोन ते विचारायचं राहून गेलं. दिवाळीला धरलेला धागा संक्रांतीला तुटला. कडा थोड्या वाकड्या होत्या, त्यावर दोन्ही टोकांना गोंडे आले. गोंड्यांमागं बरंच काही झाकतं.

लेकीनं मध्ये एकदा फोनवर सांगितलं, की चेन्नईच्या पुढाकारानं देशभरच्या बायकांनी मिळून 2017 साली चौदा किलोमीटर लांबीचा क्रोशाचा स्कार्फ करून गिनीज बुकात नोंदवला. आमच्या वेशीवरून सोडला तर ओतूर स्टँड गाठेल एवढा. मावशीनं विचारलं, "किती जणी होत्या?" आकडा ऐकल्यावर तिला हायसं वाटलं. "मग पटकन झाला असेल."

हिशोब काकांनी मांडला. उभी हयात एसटीत तिकिटं फाडलेला माणूस, वहीत तारीख घातल्याशिवाय चहासुद्धा लिहीत नाही. मावशीचं अर्धं तिकीट जाऊन-येऊन एकशे साठ. सासूबाईंचं शून्य. लोकर तीनशे. पुण्यात मिसळ, दोघींची, दोनशे. शहरातली बस चाळीस. सुतार पन्नास. तुळशीबागेत "किरकोळ", म्हणजे गाळणी, बांगड्या आणि एक पुरणयंत्र, चारशे. एकूण अकराशे पन्नास. काकांनी खाली दोन रेघा मारल्या आणि वही मावशीसमोर सरकवली. मावशीनं चष्मा लावून आकडा वाचला. "बघा! पन्नास वाचलेच की."

लेकीनं तो स्कार्फ हातात घेऊन तोलला आणि "आई, हा जरा जास्तच मोठा आहे" म्हणून अलगद परत ठेवला. घरातली नको असलेली वस्तू शेवटी ज्यांच्याकडं जाते त्यांच्याकडं तो गेला. शेतीची लाइट रात्रीच्या पाळीला असली की काका पाणी धरायला निघतात तेव्हा तो मानेला दोन वेढे, छातीवरून आडवा आणि मागं गाठ, असा बांधतात. वनखात्यानं शेतात वाकून राबणाऱ्यांसाठी मानेचे काटेरी पट्टे वाटले आहेत, पण पट्टा लावायचा तर काकांची मान आधी सापडायला हवी. ऊब मात्र भरपूर आहे, हे ते स्वतः सांगतात. सकाळी त्याच अवतारात फाट्यावर चहाला येतात. परवा मुंबईकडं भाजी घेऊन निघालेल्या एका ड्रायव्हरनं त्यांना निरखून विचारलं, "बाबा, चांगलाय. कुठं घेतला?"

"घरचाच आहे," काका म्हणाले. "आधी बाह्या होत्या त्याला."