एक टक्का जळीत

हुरड्याच्या आगटीपाशी बसायचा मान गावात ज्याला त्याला मिळत नाही. गोवऱ्यांचा जाळ विझून आर कधी तयार झाला, कणीस त्यात किती खुपसायचं, कधी फिरवायचं, हे ज्याच्या हाताला कळतं तोच तिथं बसतो. ताडकळसला आमच्या शेतात हा मान सालगड्याचा. मी आपला गोणपाटावर बसून गूळ आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ओढणारा. जन्मभर मास्तरकी केल्यामुळं हाताला सवय खडूची, आणि गरम वस्तूंचा अनुभव चहाच्या कपापुरता.

पण पुण्याहून भाचा आला होता. त्याच्यासमोर मामा म्हणून काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

हा भाचा दिवसभर काही ना काही ‘बर्न’ करत असतो. सकाळी बांधावरून धावून आला की मनगटावरचं घड्याळ दाखवतो, ‘मामा, चारशे कॅलरी बर्न!’ त्याच्या कंपनीबद्दल विचारलं तर म्हणतो, सध्या नफा नाही, दर महिन्याला पैसे बर्न करतोय, पण बर्न रेट आटोक्यात आहे. मी काळजीनं विचारलं, ‘विमा उतरवलाय का?’ तो माझ्याकडं बघतच राहिला. या शब्दाशी माझं पहिल्यापासून जमत नाही. आमच्या लग्नाची जुनी कॅसेट सीडीवर घ्यायला परभणीला दिली, तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘ठेवून जा सर, उद्या बर्न करून देतो.’ सोबत सासरे होते. त्यांनी काउंटरवरची कॅसेट उचलली आणि मला दुसऱ्या दुकानात नेलं.

तर आगटी. आमच्या कृषी विद्यापीठानं भाकरीसाठी ‘परभणी मोती’ दिली तशी खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ दिली, ही माहिती मी भाच्याला देत होतो. दाणा कोवळा असतो तेव्हा त्यातल्या साखरेचं पुरतं पीठ झालेलं नसतं, म्हणून हुरडा गोड, हेही सांगून झालं. व्याख्यान रंगात आलं असताना मी आरातलं कणीस उपसलं आणि थेट तळहातावर घेऊन चोळलं. कणीस गरम असतानाच चोळावं लागतं, नाहीतर दाणा सुटत नाही. हे सगळं खरं आहे. फक्त कणसाला चिकटून एक निखारा आला होता, तोही मी चोळला.

पुढच्या पाच मिनिटांत माझ्या हातावर जे झालं त्याला उपचार म्हणतात. सालगड्यानं ओली माती थापली. बायकोनं माती पुसून टूथपेस्ट लावली. शेजारच्या आखाड्यावरच्या आबांना शाईवर भरवसा. मास्तरांच्या खिशात शाईचं पेन असणारच, म्हणून त्यांनी तेच काढून हातावर झाडलं. भाच्यानं मोबाइलवर बघून सांगितलं की वीस मिनिटं हात वाहत्या पाण्याखाली धरायचा. सल्ला अगदी बरोबर होता. पण विहिरीवरच्या मोटारीला त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती. शेवटी कुणीतरी बरनॉल आणलं आणि निळ्या-पांढऱ्या हातावर पिवळा रंगही चढला. डॉक्टरांनी तो हात बघितला आणि आधी विचारलं, ‘रंगपंचमीला अजून वेळ आहे ना?’

सगळे थर धुऊन निघाल्यावर खाली एक फोड सापडला. नुसती लाली असती तर पहिली डिग्री, फोड आला म्हणून दुसरी. आपला तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, माझं त्याहूनही कमी; पण चिठ्ठीवर अर्धामुर्धा टक्का कोण लिहितं? ‘बर्न, सेकंड डिग्री, एक टक्का.’ चिठ्ठी हातात पडताच भाच्यानं ती घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वर स्वतःची ओळ जोडली : मामा बर्न.

पुढचं त्या ओळीनं केलं.

वसमतच्या मेहुण्यानं फक्त ‘सेकंड डिग्री’ वाचलं आणि अभिनंदनाचा फोन केला. बी. ए.वर नोकरी काढली, निवृत्तीनंतर दुसरी डिग्री घेतली, याचं त्याला फार कौतुक वाटलं. नांदेडच्या आत्याबाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही. त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं. पेपरात ‘८० टक्के भाजले’ अशा बातम्या वाचून आपल्याकडं टक्क्यांना एक वजन आलेलं आहे. एक टक्का भाजला म्हणून कुणी कुणाला कळवत नाही, त्यामुळं ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं आकडा भरला. गंगाखेडला पोचेपर्यंत मी एकाहत्तर टक्के झालो होतो आणि मला संभाजीनगरला हलवलं होतं. त्या वेळी मी ओट्यावर बसून डाव्या हातानं उपमा खात होतो.

संध्याकाळी ओळखीचे एक जमादार आले. मोठ्या भाजण्याची वर्दी दवाखान्यातून ठाण्यात जाते. माझी गेली नव्हती, पण गाव ऐकत होतं. ते सहज आल्यासारखे बसले, पाणी प्याले आणि बायकोला म्हणाले, ‘वहिनी, त्या वख्ताला तुमी कुठं होता?’ बायको म्हणाली, ‘चटणी कुटायले.’ ‘सरांसंगं काई बोलाचाली?’ बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की त्यांनी नोंद केली असती तर मला दोष देता आला नसता. ‘रोजच होती,’ ती म्हणाली, ‘पण जाळण्याइतकी नाही.’ हुरड्याचं एक पुडकं घेऊन ते गेले.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. गावात बातमी फिरली ती ‘सरांकडं जळीत झालं’ अशी. आमच्याकडं जळीत म्हटलं की माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. कडब्याची गंजी येते, नाहीतर ऊस. सकाळी सातला कारखान्याचा चिटबॉय मोटारसायकलवर हजर. ‘सर, ऊस जळाला म्हनं. जळिताची नोंद घालू का? टोळी लगेच येती.’

माझा दीड एकर खोडवा तुरे काढून उभा होता आणि महिनाभर फोन करून या गृहस्थांचं दर्शन झालं नव्हतं. जळक्या उसाचं वजन आणि साखर झपाट्यानं घटते, म्हणून त्याला तोड आधी मिळते. वर पैशांतून कपात होते ती वेगळी. २०२१-२२च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत चाललं, आणि टोळीची वाट बघून थकलेल्या कित्येकांनी आपल्याच फडाला काडी लावली. हे आठवून मी पट्टी बांधलेला हात पाठीमागं लपवला. खिशात काडेपेटी आहे का, हे चाचपण्याचा मोहही क्षणभर झाला. तेवढ्यात भाचा कॅलरी बर्न करून परत आला आणि आनंदानं म्हणाला, ‘ऊस? छे! फक्त मामा बर्न झालेत. एक टक्का.’

चिटबॉयनं वही मिटली. एक टक्का जळीत असलेल्या मामाची नोंद घ्यायला त्याच्या वहीत रकाना नव्हता.

फोड बसला, नवी कातडी आली. ऊस तसाच उभा आहे, हिरवा, शंभर टक्के. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ओळखीत मुकादम असेल तर कृपया कळवा. टोळीला हुरडा पोटभर खायला मिळेल. भाजायला सालगडी बसेल.