नळी हलेना

प्रस्तुत लेखक चोवीस इंची सायकल वयाच्या अकराव्या वर्षी, कुणाच्याही मदतीशिवाय शिकला. ही माहिती त्याने आजवर दोन दिवाळी अंकांच्या वाचकांना, एका सत्काराच्या श्रोत्यांना आणि घोडेगावच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्या कित्येक निरपराध माणसांना दिलेली आहे. दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारणारा हा मुलगा 1976 च्या मे महिन्यात एका सकाळी सीटवर चढला आणि त्याचे पाय चक्क पायडलला पुरले. ‘मी एका रात्रीत वाढलो,’ असं तो तेव्हा म्हणाला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं म्हणतच राहिला.

सायकल वडिलांची. दादा मास्तर होते, आणि सायकल मारताना त्यांचे गुडघे दोन्हीकडे बाहेर यायचे. चढावर तर थेट बेडूक. प्रस्तुत लेखकाने ही नक्कल कॉलेजच्या स्नेहसंमेलनात करून वन्स मोअर घेतलेला आहे. दादा दुसऱ्या रांगेत बसले होते. तेही हसले.

लेखकही पुढे मास्तरच झाला, विज्ञानाचा. विज्ञानाचा मास्तर निवृत्त झाला की त्याला आपल्या ज्ञानाचं काय करावं ते कळत नाही. रविवारी पुण्याहून घट्ट कपड्यांतली मंडळी नाणेघाट बघायला जुन्नरकडे सायकली हाणत येतात. त्यांच्यात आपण शोभू, असं या लेखकाला एका रविवारी वाटलं. माळ्यावरून दादांची सायकल उतरली. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावावर सीटच्या उंचीचं एक सूत्र प्रसिद्ध आहे: पायाची आतल्या बाजूची लांबी गुणिले 0.883. भिंतीला पाठ लावून, मांड्यांत पंचांग उभं धरून लेखकाने बायकोकडून माप घेतलं. 80 सेंटिमीटर. गुणाकार 70.6. क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. सीट 4 सेंटिमीटर खाली होती. बोल्ट सैल केला, दोन्ही हातांनी सीट धरून वर ओढली.

सायकल उचलली गेली.

दुकानात जिला सीट पिलर म्हणतात ती ही जेमतेम इंचभर जाडीची नळी. ती आवळता यावी म्हणून फ्रेमच्या तोंडाला मागच्या बाजूने एक चीर ठेवलेली असते. बोल्ट पिळला की चीर मिटते. पण मागची बाजू म्हणजे चाकाची बाजू. भीमाशंकरकडून येणारा पाऊस चाक उडवतं आणि चीर पिते. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. दोन नळ्यांच्या मध्ये जागा कुठून असणार? मग तो दोघींना धरून बसतो, जुन्या वाड्यातल्या भाडेकरूसारखा. वर्षातून एकदा नळी काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवली तर यातलं काही होत नाही. दादा सायकलचं सगळं वेळच्या वेळी करत: छर्रे बदलणं, चेनला तेल, रिमचा आउट काढणं. एवढी एक नळी त्यांनी का सोडून दिली, याचा लेखकाला मनापासून राग आला. तो त्याने बायकोला बोलूनही दाखवला.

उपायांना सुरुवात झाली. रॉकेल मिळेना म्हणून डिझेल सोडलं, तीन दिवस. मग अमोनिया, ओतून झाल्यावर वाचनात आलं की तो अॅल्युमिनियमच्या नळीला चालतो, पोलादी नळीला त्याचं काहीच वाटत नाही. मग उकळतं पाणी. बाहेरची नळी आधी तापते, आधी फुगते, हे लेखकाने तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं. किती फुगते, ते मात्र त्याने पहिल्यांदाच काढून पाहिलं: 25 मिलिमीटरच्या पोलादी नळीचा व्यास 80 अंशांनी 0.024 मिलिमीटर वाढतो. डोक्यावरच्या केसाची जाडी याहून जास्त असते, आणि लेखकाच्या डोक्यावर तेही फारसे उरलेले नाहीत. शेवटी शेजारच्या बोअरवेलवाल्याकडून पाइप पाना आणला. तो सटकला आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. अमेरिकेत शेल्डन ब्राउन नावाचा सायकल मिस्तरी होऊन गेला. अडकलेली नळी काढायच्या त्याच्या युक्त्यांची यादी तेलापासून सुरू होते आणि नळी आतून करवतीने कापण्यापर्यंत जाते. लेखक करवतीपर्यंत पोचला होता.

“अहो, बरणीचं झाकण निघत नसलं की मी झाकण घट्ट धरते आणि बरणी फिरवते,” बायको म्हणाली. हा विषय लोणच्याचा नाही, असं तिला सांगण्यात आलं.

इथे वाचकांना घेऊन थोडं खोडदला जावं लागेल. दर विज्ञान दिनाला, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास, तिथली रेडिओ दुर्बीण बघायला पोरांची जत्रा भरते, आणि हा लेखक एकही जत्रा चुकवत नाही. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या 30 थाळ्या. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 14 जणी मध्यभागी किलोमीटरभरात दाटीने, उरलेल्या 16 तीन फाट्यांवर पार 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. थाळी पत्र्याची नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेच्या जाळीची. वारा आरपार निघून जातो. मीटरभर लांबीची रेडिओ लहर मात्र जाळीला भिंत समजून परत फिरते. ही लहर मुळात केवढी? हायड्रोजनचा अणू सोडतो तेव्हा 21 सेंटिमीटर. फार फार लांबून निघालेली असली, तर विश्वाच्या प्रसरणाबरोबर ताणली जात अब्जावधी वर्षांनी मीटर-दोन मीटरची होऊन पोचते. कुठे, तर टोमॅटो आणि द्राक्षांच्या बागांमध्ये, जिथे माणसं बाजारभावाच्या काळजीत असतात. लेखक हे दर वर्षी पोरांना सांगतो आणि दर वर्षी त्याच्याच अंगावर काटा येतो. पोरांच्या येत नाही. त्यांना वडापाव कुठे मिळतो ते हवं असतं.

नळी अडकलेली होती त्या वर्षी मात्र त्याला हायड्रोजन दिसेना. त्याला दिसत होता काँक्रीटच्या बुरुजावर थाळी बसते तो सांधा. बुरूज जागच्या जागी, आणि वरचं कित्येक टनांचं धूड तारा बघायला निमूट वळतं, कलतं. पाऊस तिथेही पडतो. सगळे माहिती ऐकत असताना त्याने हात वर करून विचारलं, “याला ग्रीस कोणतं लावता?” रांगेतली शाळकरी मुलं हसली.

येताना अंधाराआधी घर गाठायची घाई होती. धरणांनी कालवे दिले, कालव्यांनी ऊस, उसाने बिबट्या. दादा याच बाजूने रात्री डायनामोच्या उजेडात एकटे यायचे. आज सातनंतर कुणी पोराला सायकलवर दुकानात धाडत नाही. हे काही विनोदाने लिहिता येत नाही.

अखेर सायकल मंचरला, ट्रॉल्या जोडणाऱ्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेली. मालक लेखकाचा जुना विद्यार्थी. विज्ञानात शंभरपैकी एकोणीस. त्याने पाच मिनिटं नुसतं बघितलं.

“सर, नळी कशाला फिरवताय? सायकल फिरवू.”

सीट काढली, चाकं काढली, फ्रेम उलटी केली आणि नळीचं डोकं बाकड्यावरच्या वाइसमध्ये आवळलं. मग दोघा पोरांनी दोन टोकांना धरून अख्खी फ्रेम रहाटासारखी ढकलली. एक करकर आवाज झाला, तांबडी भुकटी सांडली आणि सायकल फिरली. वाइस सटकत नाही आणि फ्रेमएवढी लांब तरफ कुठल्याच पान्याला नसते. तरफेचा धडा याच लेखकाने त्या मुलाला शिकवला होता, आणि त्यात त्याला शून्य दिलं होतं. बरणीचं घरी काही सांगितलेलं नाही. बायको हा अंक वाचेल तेव्हा वाचेल.

नळी घरी आणून पॉलिश पेपरने घासली. गंजाखाली दोन कडी निघाली, बोल्टने आवळून आवळून नळीला पडतात तशी. वरचं कडं, जिथे ती इतकी वर्षं अडकून होती तिथलं. दुसरं त्याच्या खाली, बरोबर 4 सेंटिमीटरवर. म्हणजे सीट कधीतरी दोन बोटं वर होती. लेखकाने पट्टी लावली, आकडा मांडला आणि तो गप्प बसला. बापलेकाची उंची सारखीच. लेमाँड जन्मायच्या आधीपासून सायकल मारणाऱ्या दादांनी आपली सीट नेमकी 70.6 वर ठेवलेली होती.

आई ओट्यावर वाल सोलत होती.

“सीट खाली कधी घेतली?”

“तुझ्या सहावीच्या सुट्टीत. तू झोपल्यावर. मीच कंदील धरला होता.”

“मग परत वर का नाही घेतली?”

“तुला कळलं असतं ना,” ती म्हणाली आणि टरफलं सुपात ओढून घेतली.

दादांनी सायकल सोडली 1995 साली. एकोणीस वर्षं ते गुडघे बाहेर काढून चढ चढले आणि ती नळी एकदाही हलली नाही.

आता तिला ग्रीस लावलं आहे. ज्यांच्या संग्रही ते दोन दिवाळी अंक असतील त्यांनी कृपया ‘कुणाच्याही मदतीशिवाय’ हे शब्द खोडावेत. या लेखाच्या पहिल्या वाक्यातलेही. बेडूकही खोडावा.