पुसण्याआधी नावं तर सांगा

फाइलींचा इतिहास जपणं हेच ज्याचं काम, त्या सॉफ्टवेअरनं फाइल पुसताना गप्प बसावं, हे मला अजिबात पटत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं आणि आज जगभरचे प्रोग्रॅमर त्यावर विसंबून आहेत. कमिट केलेलं, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेलं काम ते सहसा हरवू देत नाही. चुकून मागे गेलं तरी ‘रीफ्लॉग’ या गिटच्या नोंदवहीतून काही आठवडे परत काढता येतं. पण कमिट न केलेलं? ‘रिसेट हार्ड’ हा आदेश द्या, दिवसभराचे बदल साफ. ना विचारणा, ना यादी. (नोंद नसलेल्या फाइली पुसणारा ‘क्लीन’ हा आदेश निदान सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय चालत नाही, ते ठीकच.)

२०१७ मध्ये व्हीएस कोड या एडिटरमध्ये एका नवख्या माणसानं गिटचं ‘बदल टाकून द्या’ हे बटण दाबलं. इशारा आला होता, पण तो ‘बदलां’चा. गेल्या त्या अख्ख्या फाइली! त्याच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ५,०००, म्हणजे तीन महिन्यांचं काम. एकही कमिट केलेली नव्हती, त्यामुळे गिटकडे त्यांची प्रतच नव्हती. बॅकअप का नाही घेतला, म्हणून लोकांनी त्यालाच झापलं. पुढे मात्र इशाऱ्याचे शब्द बदलले आणि फाइली कायमच्या जाणार हे तो स्पष्ट सांगू लागला. हे आधीच करायला काय हरकत होती?

जुनं न पुसता काम कसं करावं, हे तंजावरला दिसतं. तिथल्या बृहदीश्वर मंदिरात गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळांच्या काळातली भित्तिचित्रं आहेत. पुढे नायक राजांच्या काळात त्यांच्यावर गिलावा चढला, वर नवी चित्रं आली. १९३१ मध्ये अभ्यासक एस. के. गोविंदस्वामी यांना वरचा थर सुटलेल्या जागी खालची चित्रं दिसली. हजार वर्षांपूर्वीचं पाहायचं, तर नायकांचं खरवडायचं का? पुरातत्त्व खात्यानं तसं केलं नाही. वरची सोळा चित्रं गिलाव्यासकट अलगद सोडवून फायबरग्लासवर बसवली. खालचं उघडं झालं, वरचंही वाचलं. याच देवळात तंजावरच्या मराठा सरफोजी राजांनी भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तोही आहे तिथंच आहे. आणि त्याच गावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हाती आपण एका एंटरला सगळं पुसणारं हत्यार देतो.

‘जाणत्यांना सारखं विचारलं तर ते वैतागतात,’ असं उत्तर मिळतं. वैतागू देत. त्यांनी सेटिंग बदलून घ्यावी. नवख्याला मात्र किती फाइली, कोणत्या आणि परत मिळतील की नाही, हे पुसण्याआधी कळलंच पाहिजे. शक्य तिथं त्या आधी कचरापेटीत जाव्यात.

हे होईपर्यंत ‘गिट क्लीन’ आधी ‘डॅश एन’ लावून चालवा, काय जाणार त्याची यादी दिसेल. आणि आवराआवरी करण्याआधी कमिट करा, अर्धवट असलं तरी.