पावणेदहा क्विंटलचा हप्ता

कळंब-भूमकडं सोयरीक बघायला बसलं की चहा यायच्या आत सवाल येतो, "पाव्हणं, पोराचं पुण्याला सोताचं हाय का?" पोरगा हिंजवडीत कामाला आहे, पगार बरा आहे, सुपारीचंही व्यसन नाही, ते सगळं नंतर. भाड्यानं राहतो म्हटलं की पोरीचा मामा असं तोंड करतो, जणू पोरगा स्वारगेटच्या फलाटावर झोपतो. मग बायोडाट्यातली पुढची ओळ तपासली जाते. शेती किती? शेती पाहिजेच. पोरानं ती करायची मात्र नाही.

भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हे आपल्याकडचं ब्रह्मवाक्य. तर पाणी किती खोल आहे ते बघू. वाकड-ताथवड्याच्या अंगाला 75 लाखांचा फ्लॅट धरा. बँक 80 टक्के देते, म्हणजे 60 लाख. वरचे 15 लाख आपले. पुण्यातली स्टँप ड्युटी 7 टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी 30 हजार. इमारतीचं काम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, पावणेचार लाख. झाले 24 लाख 30 हजार. यात फर्निचर नाही आणि वास्तुशांतीच्या पंगतीही नाहीत. एवढी रक्कम बाप कुठून आणणार? रान विकायला काढणार. म्हणजे बायोडाट्यातली एक ओळ भरायला दुसरी खोडायची.

आता हप्ता. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 52,069 रुपये. पहिल्या महिन्याला त्यातले 42,500 नुसतं व्याज, मुद्दल फिटतं साडेनऊ हजारांचं. तोच फ्लॅट भाड्यानं घेतला तर 25 हजार धरा. घरमालकाला 25 हजार दिले की ते पाण्यात, आणि बँकेला साडेबेचाळीस हजार दिले की ते मात्र 'सोताचं'!

बापाला हा हिशेब लाखांत कळत नसेल तर सोयाबीनमध्ये सांगावा. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. हप्ता झाला पावणेदहा क्विंटलचा. दर महिन्याला, 240 महिने, पाऊस पडो न पडो. आणि हमीभाव आडतीवर प्रत्यक्ष हातात पडतो का, ते बापाला मी काय सांगू?

"पण फ्लॅटचा भाव वाढतो की!" वाढतो ना. पण राहतं घर विकून भाव कोण खातो? भाव तर रानाचाही वाढतो, आणि त्याला सोसायटीचा मेंटेनन्स नसतो. शिवाय हाच बाप स्वतःचं अर्धं रान बटईनं देतो, शेजाऱ्याचं ठोक्यानं करतो. तिथं कुणाची अब्रू जात नाही.

भाड्यात सुखच सुख आहे असं नाही. 11 महिन्यांचा करार, दलालाला एक महिन्याचं भाडं, दर वर्षी टेम्पो बोलवायची धास्ती. वर मालकाची चौकशी, "नॉनव्हेज खाता का?" हे कुणाला विचारायचं? तर ज्या जिल्ह्याची शेळी देशभर नावानं ओळखतात, तिथल्या माणसाला. (जिल्हा 2023 मध्ये धाराशिव झाला, शेळी अजून उस्मानाबादीच आहे.) ही कटकट खरी. तिची किंमत महिन्याला 27 हजार नाही, एवढंच माझं म्हणणं.

पण लग्न ठरेपर्यंत ऐकतो कोण? रान जातं, फ्लॅट येतो, बार उडतो. मग कळतं, सुनेचं ऑफिस खराडीला. ताथवडे ते खराडी, संध्याकाळचं ट्रॅफिक, रोज. सहा महिन्यांत दोघं शहाणी होतात. स्वतःचा फ्लॅट 25 हजारांनी देऊन टाकतात आणि खराडीत 30 हजारांनी भाड्याचं घर घेतात. हप्ता चालूच असतो. गावाकडं मात्र कुणी विचारलं तर बाप मिशीला पीळ देऊन सांगतो, "पुण्याला सोताचं हाय."

धाकट्याचा बायोडाटा दिवाळीनंतर निघणार आहे. त्यात शेतीच्या रकान्यात अजून दीड एकर आहे.