बिट्टूचं पान वाढलंय

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. नोकरीतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी असहकार पुकारलेला आणि परदेशी गेलेल्या मुलाने मागे ठेवलेल्या कुत्र्याचे पालक. आमचे नाना बँकेच्या तपासणी खात्यातले. ते शाखेत येणार म्हटलं की मॅनेजरला जेवण जात नसे म्हणे. आता बिट्टूला जेवण जात नाही आणि नानांना झोप येत नाही.

बिट्टू म्हणजे पांढराशुभ्र पॉमेरियन. समोरच्या ब्लॉकमध्ये लॅब्राडोर आहे. तो पोळी, काकडी, मोजा असं येईल ते गिळतो आणि त्याची मालकीण जिन्यात नानांना गाठून सांगते, "आमच्याकडे खाण्याची काही कटकटच नाही हो." यात बाईंचं कर्तृत्व शून्य. लॅब्राडोरांपैकी साधारण पाव कुत्र्यांच्या जनुकातच भूक वाढवणारी खोट असते, हे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलंय. पण नानांना तो टोमणाच वाटतो.

या माणसाच्या घरात एके काळी 'पानात वाढलेलं संपवल्याशिवाय उठायचं नाही' असा कायदा होता. थोरल्याने कारल्याच्या भाजीपुढे अख्खी दुपार काढलेली आहे. तोच थोरला आता कॅनडातून व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा त्याला वडिलांचं फक्त टक्कल दिसतं, कारण वडील फरशीवर ओणवे झालेले असतात.

दुपारी एकला चिकन-भात येतो. बिनकांद्याचा, बिनलसणीचा, कारण दोन्ही कुत्र्याला विषासमान. (चातुर्मासातसुद्धा ज्या माणसाने कांदा सोडला नाही, त्याच्या घरात एक पातेलं बारा महिने सोवळ्यात असतं, यावर नानी अधूनमधून बोलतात.) नाना भात किंचित कोमट करतात, बोट बुडवून बघतात. कुत्र्याची चव माणसापेक्षा बोथट, तो जेवतो नाकाने, आणि कोमट अन्नाला वास जास्त सुटतो. हे शास्त्र बरोबर आहे. बिट्टू येतो, भांड्यावर नाक फिरवतो, नानांच्या तोंडाकडे बघतो आणि सोफ्याखाली जाऊन बसतो.

मग आर्जवं. "सोन्या, एक घास. राजा, नाना रागावतील हं." चिऊकाऊच्या नावाने घास होतात. त्यानंतर धमकी, "थांब, मनीला देऊन टाकतो." सोसायटीत मांजर नाही, हे बिट्टूला ठाऊक आहे. मग नाना स्वतः भांड्यावर वाकून मचमच करतात. त्याने भागलं नाही की उकडलेलं अंडं येतं, अंड्यानेही नाही तर पनीर, आणि शेवटी, नानी देवाला दिवा लावायला वळल्या की, चीज. बिट्टू बाहेर येतो. भातातून चीजचा तुकडा समोरच्या दातांनी अलगद उचलतो, त्याला चिकटलेलं शीत जिभेने फरशीवर लोटतो, तुकडा खातो आणि निघून जातो. नाना डायरीत लिहितात : 'दु. 1.40. चीज स्वीकारले. भात नाकारला.'

"याला काही शिकवताच येत नाही," असं नाना म्हणतात. माझ्या मते शिकवणी रीतसर चालू आहे, फक्त मास्तर सोफ्याखाली बसतो. एकदा नको म्हटलं की अंडं, दोनदा म्हटलं की पनीर, आणि धीर धरला तर चीज. इतकं सरळ गणित कुठलंही कुत्रं सोडवेल.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दात, पोट, वजन सगळं तपासलं. "काका, कुत्रं ठणठणीत आहे. एकाएकी खाणं तुटलं, दिवसभर तोंड लावलं नाही, मलूल झाला, तर लगेच आणा. पण हे लाड आहेत. भांडं ठेवायचं, पंधरा मिनिटांनी उचलायचं, पुढच्या जेवणापर्यंत मधे काही नाही. वरचा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत. आणि भातात उकडलेला लाल भोपळा कालवा."

नानांनी मोबाइलवर गजर लावला. दहाव्या मिनिटाला म्हणाले, "बघतोय बघ कसा." बाराव्याला गजर पाच मिनिटं पुढे सरकला. दहा टक्क्यांत तर त्यांनी हयातभराची विद्या ओतली : मूळ आहारात न खाल्लेला भातही धरला, म्हणजे खाऊचा वाटा आपोआप वाढला. असला ताळेबंद एखाद्या मॅनेजरने दाखवला असता तर नानांनी त्याची बदली गडचिरोलीला केली असती.

भोपळा मात्र आणलेला होता, आणि बिट्टूला लागून लागून लागणार किती! उरलेल्याची मेथ्यांची फोडणी देऊन भाजी झाली. रात्री नाना पानावर बसले, भाजीकडे पाहिलं आणि ताट बोटभर पुढे सरकवलं.

"भूक नाहीये फारशी."

"असू दे," नानी म्हणाल्या. "पंधरा मिनिटं ठेवते. मग उचलते. मधे काही मिळायचं नाही."

नाना गप्प बसून राहिले. सोफ्याखालून बिट्टू त्यांच्याकडे जाणकाराच्या नजरेने बघत होता. बाराव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून पोह्याचा पापड भाजल्याचा वास आला.