काका, तुम्ही सांगा ना!

अशी एक मॅडम तुमच्याही सोसायटीत असणारच. हिंजवडीला चाळीस माणसं तिच्या हाताखाली. त्यांच्यापैकी कुणाची वर्षाची पगारवाढ रोखताना तिची पापणी लवत नाही. पण घरी बाळाला सांभाळणाऱ्या मावशींना "आंघोळीचं पाणी जरा कोमट घ्या" एवढं सांगायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. मग ती जिना उतरून आमच्याकडे येते आणि म्हणते, "काका, तुम्ही सांगा ना!"

मी निवृत्त, म्हणजे सर्वानुमते रिकामा. "सहज म्हणून या, सहज म्हणून बोला," अशी तालीम घेऊन वर जातो. भरवताना मोबाईल नको, हा परवाचा विषय. मी चपला काढतोय तोवर मावशी म्हणाल्या, "या काका. ताईंनी काय सांगायला पाठवलंय?"

माणूस मिळाला नाही तर वस्तू कामाला लागतात. मावशींना रोज दहा मिनिटं उशीर होऊ लागला, तेव्हा ही भिंतीकडे बघत म्हणाली, "आमचं घड्याळ पुढे गेलंय वाटतं, मावशी." मावशी कामाला चोख. त्यांनी स्टूल घेतलं, घड्याळ दहा मिनिटं मागे केलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांची कंपनीची बस चुकली. बाळाच्या दुधातली साखर थांबवायची होती, तर फ्रिजवर चिठ्ठी लागली: 'डॉक्टरांनी साखर बंद केली आहे.' कुणाची, ते लिहिलं नव्हतं. मावशींनी सरसकट सगळ्यांची केली. फिका चहा पिऊन कंटाळलेले साहेब शेवटी खाली आले. "काका, तुम्ही सांगा ना!"

मावशींना असला संकोच माहीत नाही. दिवाळीला एक पगार बोनस, रविवारी सुट्टी, जत्रेला चार दिवस रजा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. याच पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप करून पगारवाढ आणि रजा मागितली होती. ती मागणी मावशी एकट्या, चहा पिता पिता करतात. मॅडम 'नाही' कधीच म्हणत नाही. मात्र आपणहून विषय काढणं तिच्याच्यानं होत नाही. पगार वाढवायचा तिच्या मनात होता, तरी बरेच महिने वाढवला नाही. का? तर "पैशांचं बोलले तर त्यांना अपमान वाटेल." मावशी तिकडे त्याच अपमानाची वाट बघत बसलेल्या!

पण खरं ते सांगायला हवं. कामवाल्या बायकांनी मागची लिफ्ट वापरावी, असा ठराव सोसायटीच्या सभेत आला, तेव्हा हीच उठून उभी राहिली. मुलगा ज्यांच्या कडेवर दिवस काढतो त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये उभं राहायला कुणाला लाज वाटते, त्यानं हात वर करावा, म्हणाली. एकही हात वर गेला नाही, ठराव बारगळला. त्या दिवशी तिला काका लागले नाहीत. मी मागच्या खुर्चीत बसून मान डोलावली, एवढाच माझा वाटा.

त्याच जोरावर ती मावशींची घरेलू कामगार म्हणून नोंदणी करायला निघाली. महाराष्ट्रात त्यासाठी 2008 चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. ऑफिसातून रजा काढून, मावशींना गाडीत शेजारी बसवून ती सरकारी कचेरीत गेली. खिडकीपाशी आधार कार्ड काढलं. जन्मतारीख, आपल्याकडच्या अनेक आयांप्रमाणे, 1 जानेवारी. वर्षावरून वय निघालं एकसष्ट. नोंदणीची अट अठरा ते साठ.

इतक्या दिवसांत तिनं मावशींना वय विचारलं नव्हतं. बाईमाणसाला वय कसं विचारायचं!

परतताना गाडीत मावशीच तिची समजूत घालत होत्या. "असू द्या ताई, सरकारचं काय एवढं मनावर घ्यायचं!" पुढच्या महिन्यात मॅडमनं मावशींच्या नावानं पोस्टात आवर्ती ठेव उघडली. हप्ता पगारातून कापत नाही, स्वतः भरते. पासबुकही स्वतःच्या हातानं दिलं, आणि पगार किती वाढवला तेही त्याच दमात सांगितलं.

वाचकहो, तुमच्याकडच्या मावशींना या रविवारच्या आत वय विचारा. अगदीच जीभ रेटत नसेल तर मला बोलवा, मी सहज म्हणून येईन. पण नोंदणी साठीपर्यंतच होते.